आर्लिस ट्वेट कुणाला ओळख दाखवत नसे

आर्लिस ट्वेटची करडी गाडी कुणाच्या अंगणात अर्धा तास उभी राहिली, की टॉर्विक गावात त्या घराबद्दल आवाज खाली करून बोलायला सुरुवात होई. म्हणून आर्लिस कुणाच्या अंगणात गाडी नेतच नसे. ती लोकांना सांगे, "चर्चच्या मागे या. किंवा धान्याच्या कोठारापाशी गाडी ठेवा, तिथे दिवसभर वीस गाड्या उभ्या असतात, एकविसावी कोण मोजतंय?"

आर्लिसने चोवीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नॉर्थ डकोटाच्या त्या कोपऱ्यातला एकही कच्चा रस्ता तिला नवा नव्हता. कुठल्या वळणावर बर्फ साचतो आणि कुणाचं कुत्रं टायरला चावायला धावतं, हे तिला पाठ होतं. नवरा ऑरिन वाटाण्याच्या कापणीत हृदय बंद पडून गेला. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षी पोरं कमी झाली म्हणून शाळाच शेजारच्या गावच्या शाळेत मिळवली आणि बस बंद झाली. तेव्हा दवाखान्यातली नर्स जोनेट तिच्याकडे आली.

"आर्लिस, एक काम आहे. तुला रस्ते माहीत आहेत आणि माणसं माहीत आहेत."

"त्यात काय, सगळ्यांनाच माहीत आहेत."

"हो, पण तू बोलत नाहीस," जोनेट म्हणाली. "या गावात न बोलणारं माणूस मला दुसरं सापडलेलं नाही."

काम असं होतं. टॉर्विकचा दवाखाना आठवड्यातून दोन दिवस उघडा. मनाचे डॉक्टर एकशे साठ मैलांवर, शहरात, आणि त्यांची वेळ मागितली की ती अकरा आठवड्यांनंतरची मिळे. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी बिछान्यातून पाय खाली ठेववत नाही, त्याने हे अकरा आठवडे काढायचे कसे? आर्लिसने ते काढून द्यायचे. फोनवर तासन्‌तास वाट बघत बसायचं, विम्याचे कागद भरायचे, कुणी वेळ रद्द केली की झडप घालून ती आपल्या माणसाला मिळवून द्यायची. मग त्याला गाडीत घालून शहरात न्यायचं, बाहेर बसायचं आणि परत आणायचं. काही डॉक्टर पडद्यावरून बोलायला तयार असत, पण शेतावरच्या घरांतलं इंटरनेट असं, की माणूस महिनाभराने कसंबसं तोंड उघडायचा आणि समोरचा डॉक्टर नेमका तेव्हाच आ वासून गोठायचा. आर्लिसने त्यासाठी वाचनालयाची मागची खोली मिळवली. गोळ्या ती चाळीस मैलांवरच्या दुकानातून आणी, कारण गावातल्या औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी पोरगी अर्ध्या गावाची चुलतबहीण होती.

पहिल्या वर्षी तिच्या हातून एक चूक झाली. किराणा दुकानात तिला एक बाई दिसली, दोन महिने शहरात नेलेली. आर्लिसने आनंदाने विचारलं, "कशी आहेस आता?"

त्या "आता"वर मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी माना वळवल्या. ती बाई लाल झाली, टोपली तिथेच ठेवून बाहेर गेली, आणि पुन्हा ना दवाखान्यात आली ना शहरात. आर्लिसला ते फार लागलं. त्या दिवसापासून तिने एक नियम केला आणि पहिल्याच फेरीत, गाव मागे पडलं की, ती तो शेजारी बसलेल्याला सांगे, "हे बघ, गावात मी तुला आपणहून ओळख दाखवणार नाही. हसणार नाही, हात करणार नाही. तू केलास तर मी करीन. राग मानायचा नाही."

कुणी राग मानला नाही. सगळ्यांना हायसंच वाटलं. आणि आपणहून हात करणारे सात वर्षांत तीन निघाले.

बाकीचे चाळीसेक जण टपाल कार्यालयात तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत. हळूहळू ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता तेही लांब राहू लागले. ती कुणाला नावडती झाली होती असं नाही. पण रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीला बसताना आर्लिसशेजारी बसलं, तर घरी जाईपर्यंत कुणीतरी विचारणारच, "काय रे, सगळं ठीक ना?" ती कटकट कोण ओढवून घेणार? मग आर्लिसच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहत. तिला ते कळत होतं आणि त्यात कुणाचं चुकतंय असंही तिला वाटत नव्हतं. घरी येऊन ती रेडिओ लावी आणि हवामानाच्या बातम्यांना मोठ्याने उत्तर देई.

शेजारी बसे ती एकटी लव्हॉन स्कार. दुसरीच्या वर्गापासूनची मैत्रीण, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. दर बुधवारी दोन वाजता ती आर्लिसकडे पत्ते खेळायला येई आणि दोघींचं बोलणं एकटीच बोले.

"तुझी कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, आर्लिस. ऑरिन बिचारा यानेच गेला असणार."

"मग पिऊ नकोस."

"पिते गं. चाळीस वर्षं पितेय, आता काय मरतेय? टाक, पान टाक."

आठवड्यातले ते दोन तास आर्लिसचे होते. बाकीचे सगळे तास दुसऱ्यांचे.

त्या वर्षी मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता तेव्हा, आर्लिस फाटकाशी टपालपेटी उघडत होती. लव्हॉनच्या नवऱ्याची, मायलो स्कारची गाडी येऊन थांबली. त्याने काच खाली केली आणि टपालपेटीकडे बघत राहिला.

"पेटीचा खांब वाकलाय तुझा," तो म्हणाला.

"बर्फ उपसणाऱ्या गाडीने वाकवला. दर वर्षीच वाकवते."

"हं." इंजिन चालूच होतं. मग तो म्हणाला, "आर्लिस, तू त्या लोकांना नेतेस ना."

"नेते."

"पीक चांगलं आलं गेल्या साली. भावही बरा मिळाला. पोरी आपापल्या घरी सुखात आहेत. मला काही दुखत नाही, खुपत नाही." त्याने स्टीअरिंगवरची पकड सोडली आणि पुन्हा घट्ट केली. "मग मला झालंय काय? शेडमध्ये जातो आणि उभा राहतो. कशाला आलो ते आठवत नाही. दोन-दोन तास उभा. काल वाटलं की आता बाहेर आलंच नाही तरी चालेल."

आर्लिसने टपाल काखेत धरलं. "इंजिन बंद कर, मायलो. आत चल."

"लव्हॉनला सांगायचं नाही."

"मी कुणाचंच सांगत नाही. पण तू तिला सांग, असं मी तुला दर भेटीत म्हणणार. ते ऐकून घ्यावं लागेल."

आत स्वयंपाकघरात, ज्या टेबलाशी लव्हॉन पत्ते पिसत असे तिथेच, आर्लिसने त्याला विचारलं, "घरात बंदुका किती आहेत?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला समजलं आणि त्याची मान खाली गेली.

"पाच."

"त्या मला आणून दे. कुलपात ठेवते. बरं वाटलं की परत ने."

"त्यात माझ्या बापाची आहे."

"ती आधी आण."

लव्हॉन बहिणीकडे गेली होती त्या शनिवारी त्याने बंदुका घोंगडीत गुंडाळून आणल्या. आर्लिसच्या तळघरात, घर तापवायच्या भट्टीच्या मागे, ऑरिनचं लोखंडी कपाट होतं. तिने त्या आत लावल्या, कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. बापाच्या बंदुकीची कापडी पिशवी जाडजूड होती, ती काही आत मावेना. ती रिकामी पिशवी तिने कपाटामागे खिळ्याला टांगली.

सोमवारी ती जोनेटला म्हणाली, "हा माणूस मी घेऊ नये. त्याची बायको माझी मैत्रीण आहे."

"खरंय," जोनेट म्हणाली. "दुसरं कोणी असतं तर त्याला दिला असता. आहे का दुसरं कोणी?"

नव्हतं. आर्लिसने फोन उचलला आणि अकरा आठवड्यांचे पाच करून घेतले.

उन्हाळाभर दर तिसऱ्या आठवड्याला ती मायलोला शहरात नेऊ लागली. तो घरी सांगे, कापणीच्या कंबाइनचा सुटा भाग आणायला चाललोय, बियाण्याच्या बैठकीला चाललोय. पहिल्या फेरीत नव्वद मैल तो एक शब्द बोलला नाही. मग दूरच्या एका शेताकडे बघून म्हणाला, "याने मोहरी उशिरा पेरली." आर्लिस म्हणाली, "हो, उशिराच." त्या दिवसाचं बोलणं तेवढंच. पण जुलैत तो गोळ्यांबद्दल तक्रार करू लागला, ऑगस्टमध्ये डॉक्टरच्या बुटांवरून विनोद केला. आर्लिसला सात वर्षांचा अनुभव होता. माणूस डॉक्टरच्या बुटांना हसायला लागला की तो बरा होऊ लागलाय हे ती ओळखून होती.

"लव्हॉनला सांगितलंस?" ती दर फेरीत विचारी.

"कापणी होऊ दे."

इकडे बुधवारी लव्हॉन पानं हातात धरून बसे आणि टाकायचं विसरे. "मायलोचा नुसता दगड झालाय, आर्लिस. समोर बसतो, जेवतो, पण माणूस घरात नाहीच. मी काही बोलले तर 'हं'. चाळीस वर्षांत इतके 'हं' ऐकले नव्हते."

आर्लिस आपल्या पानांकडे बघे.

एका बुधवारी लव्हॉनने पानं खाली ठेवली. तिचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "तुझं तर हेच काम. तू ओळखतेस असली माणसं. त्याला काही झालं असेल का गं?"

आर्लिसच्या गळ्यातली किल्ली त्या क्षणी चांगलीच जड झाली. हो म्हणावं तर मायलो उद्यापासून गाडीत बसणार नाही. नाही म्हणावं तर ते खोटं, आणि लव्हॉनशी ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"त्यालाच विचार," ती म्हणाली.

"विचारलं. म्हणे पाठ दुखते."

"पुन्हा विचार. पाठीवर समाधान मानू नकोस."

लव्हॉनने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग पानं उचलली. त्या दिवशी ती तासाभरातच उठली.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. लव्हॉनचा भाऊ दर वर्षीसारखा आला, त्याने बंदुकांचं कपाट उघडलं, तर ते रिकामं.

"दुरुस्तीला दिल्यात," मायलो म्हणाला.

"पाचही?" मेव्हणा हसला. लव्हॉन हसली नाही.

त्यानंतरच्या बुधवारी पत्ते नव्हते. नाताळच्या आधी दोघी मिळून लेफ्से करत, बटाट्याच्या मऊ पोळ्या, शंभर-सव्वाशे, दोन्ही घरांना पुरतील एवढ्या. आर्लिस विजेच्या तव्याशी होती. बटाटे कमी पडले. "मी आणते," म्हणत लव्हॉन तळघरात उतरली.

ती लवकर वर आली नाही. तव्यावरची पोळी करपली तेव्हा आर्लिसच्या ध्यानात आलं, बटाट्यांचं पोतं भट्टीच्या बाजूला आहे.

लव्हॉन जिना चढून आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. जाड हिरवं कापड, कडेला दुहेरी लाल शिवण. ती शिवण तिची स्वतःची होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिने ती पिशवी नवऱ्याला शिवून दिली होती.

"बंदुका कुठायत?"

"कपाटात. कुलपात."

"कधीपासून?"

"त्याला विचार, लव्हॉन."

"मी तुला विचारतेय!" पिशवी टेबलावरच्या पिठात पडली. "बंदुका कशाला काढून घेतात ते मला कळतं. मी काय दूधखुळी आहे? कधीपासून?"

आर्लिसने तवा बंद केला. लव्हॉन तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि बघता बघता तिला सगळं उमगत गेलं. कंबाइनचे सुटे भाग, बियाण्याच्या बैठका, पाठदुखी.

"मी इथे बसून तुला विचारलं होतं," ती हळू म्हणाली. "याच खुर्चीत. आणि तू पानांकडे बघत होतीस."

तिने अंगात कोट चढवला. एक बाही सापडेना, आर्लिस मदतीला पुढे झाली, तर तिने हात झटकला. दार लागलं. आर्लिसने लगेच मायलोला फोन केला. "ती निघालीय. तिला कळलंय. आज, आत्ता, ती आत आल्याबरोबर सांग. कोट काढायच्या आधी सांग." मग उरलेल्या पिठाच्या पोळ्या लाटून ती भाजत बसली. काय करायचं ते सुचेना म्हणून. अंधार पडेपर्यंत एकशे दहा पोळ्या झाल्या आणि त्या कुणाच्या घरी न्याव्यात ते तिला कळेना.

मायलोने सांगितलं. सगळं सांगितलं, शेडमधल्या उभं राहण्यापासून. डॉक्टरकडे पुढच्या वेळी लव्हॉन त्याला स्वतः घेऊन गेली आणि त्यानंतरही तीच नेत राहिली. आर्लिसच्या कामात याहून चांगला शेवट नसतो. तिनेच मार्चपासून दर फेरीत हेच मागितलं होतं. वहीत मायलोच्या नावापुढे तिने "घरचे सोबत आहेत" असं लिहिलं आणि पान उलटलं.

पण बुधवारी दोन वाजता कुणी आलं नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी आर्लिसने कॉफी केलीच नाही. चर्चच्या तळघरात लव्हॉन आता खिडकीजवळच्या टेबलाशी बसे, तिथून तिचं हसणं ऐकू येई.

फेब्रुवारीत एक दिवस टपाल कार्यालयात दोघीच समोरासमोर आल्या. बाहेर वारा असा होता की दार ढकलूनही उघडत नव्हतं, त्यामुळे पळायलाही जागा नव्हती.

"तू त्याला वाचवलंस," लव्हॉन म्हणाली. "मला ते कळतं. मी काही कृतघ्न नाही."

"मला माहीत आहे."

"तू सांगू शकत नव्हतीस, तेही कळतं. जोनेटने समजावलं. मायलोने दहादा समजावलं." तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "पण तुझ्यासमोर बसले ना, की मला तेच आठवतं. मी त्याच्या शेजारी झोपत होते आणि मला दिसलं नाही. तुला दिसलं. तुझ्याकडे बघितलं की मला मी दिसते, आर्लिस. मला नाही जमत."

आर्लिसला म्हणायचं होतं की मला काही दिसलं नव्हतं, तो आपल्या पायांनी आला. म्हणायचं होतं की मलाही बुधवार होता. ती म्हणाली, "सावकाश. घाई नाही." हे ती सगळ्यांनाच म्हणे.

"हं," लव्हॉन म्हणाली, आणि दोघींनी मिळून दार ढकललं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी होकार दिल्यावर मायलो बंदुका न्यायला आला. त्याने अंग धरलं होतं, गालांवर रंग होता. गाडीत एक एक ठेवताना तो म्हणाला, "ती येईल गं कधीतरी. मी मागे लागलोय."

"मागे लागू नकोस. तिला राहू दे तिच्या वेळेने."

"तुला काय हवंय ते सांग. खांब बसवून देऊ नवा?"

"बसव," आर्लिस म्हणाली. त्याला काहीतरी करू द्यायला हवं होतं. त्याने दोन तास खपून खांब बसवला, सिमेंट ओतलं, आणि गेला.

त्याच महिन्यात जोनेटने एक दिवस दवाखान्याची खुर्ची ओढली आणि आर्लिससमोर बसली. "तू जेवतेस का नीट?"

"जेवते."

"कालचा दिवसभर कुणाशी बोललीस?"

आर्लिसने आठवून पाहिलं. काल तिने एका पोरसवद्या बाईला शहरात नेलं होतं, ती जाता-येता झोपली होती. विम्यावाल्यांशी फोनवर चाळीस मिनिटं बोलली होती. "विम्यावाल्यांशी," ती म्हणाली.

जोनेट हसली नाही. तिने नुसता फोन तिच्याकडे सरकवला आणि बाहेर गेली.

आर्लिसने फोन जवळ ओढला. मग तिने पाठ असलेला नंबर फिरवला. शहरात डॉक्टरांच्या वेळा देणाऱ्या मुलीने आवाज ओळखला. "आर्लिस! आज कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "मी लवकरची बघते हं, तुझ्यासाठी काढते मी कुठूनतरी."

"नको. रांगेत घाल. माझ्यापुढे असतील त्यांना आधी."

अकरा आठवडे निघाले. ती नेहमीसारखी लोकांना नेत-आणत राहिली, आणि अकराव्या आठवड्याच्या शुक्रवारी एकटी निघाली. शेजारची बसण्याची जागा रिकामी होती. सवयीने तिने तिकडचाही हीटर लावला. नव्वद मैलांनंतर तिला जाणवलं की आपण एक शब्दही बोललेलो नाही, आणि कुणाशी बोलणार होतो?

आत डॉक्टर म्हणून एक तरुण बाई होती, गोल चष्म्याची. तिने विचारलं, "बोला, कसं चाललंय?" आर्लिसने रस्त्याचं सांगितलं. पुलाजवळ निसरडं आहे, परत जाताना जपून जायला हवं. बाईने ऐकून घेतलं. आर्लिसने मग बर्फाचं सांगितलं, मग या वर्षी मोहरी कशी झाली ते. बाई मधे बोलली नाही. भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे सरकलं. आर्लिसने बाहेरच्या खोलीत बसून असे कितीक तास काढले होते, पण आत माणसं इतका वेळ काय करतात ते तिला आजच कळत होतं.

"माझी एक मैत्रीण होती," अखेर ती म्हणाली, आणि तिला दम लागला, जिना चढून आल्यासारखा. "आहे. गावातच आहे. माझ्या घरापासून चार मैलांवर."

बाईने रुमालांचा डबा जवळ सरकवला. आर्लिसला त्याची गरज लागली नाही, पण तिने एक रुमाल घेतला, घडी करून मांडीवर ठेवला आणि लव्हॉनबद्दल सांगायला लागली. दुसरीच्या वर्गापासून.